निधनवार्तेच्या पुढे : आपल्या माणसाचा मृत्युलेख कसा लिहायचा

सांगली किंवा साताऱ्यात येणारं कुठलंही दैनिक घ्या आणि आतलं पान काढा. 'येथील ज्येष्ठ नागरिक अमुक तमुक (वय ८१) यांचे वृद्धापकाळाने निधन झाले. ते मनमिळाऊ स्वभावाचे म्हणून परिचित होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन उद्या सकाळी साडेआठ वाजता आहे.' नाव आणि वय बदललं की हाच मजकूर शेजारच्या चौकटीतही खपून जातो. माणूस ८१ वर्षं जगला, पण त्या वर्षांत त्यानं काय केलं हे काही कळत नाही. मागं कोण राहिलं तेवढं कळतं.

वर्तमानपत्राचा यात दोष फारसा नाही. घरच्यांनी फोनवर जे सांगितलं तेच वार्ताहरानं लिहिलं. म्हणून काय सांगायचं, कुणाला विचारायचं आणि पुढच्या वर्षभरात काय लिहून ठेवायचं, हे घरातल्या एकाला तरी माहीत असलेलं बरं. त्या एकासाठी हा लेख आहे.

दोन कामं वेगळी ठेवा

निधनवार्ता त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत द्यायची असते. ती सत्तर-ऐंशी शब्दांत बसते आणि तिचं काम निरोप पोचवणं एवढंच. मृत्युलेख सावकाश लिहायचा. तो तेराव्यापर्यंत झाला तर उत्तम, नाहीतर प्रथम पुण्यस्मरणापर्यंत वेळ असतोच. पहिल्याच रात्री कुणालातरी लॅपटॉपसमोर बसवून सगळं आयुष्य लिहायला लावू नये. त्या रात्री जे लिहिलं जातं त्यात अश्रू जास्त आणि माहिती कमी असते.

निधनवार्ता : त्याच दिवशीचं काम

फोन करण्याआधी एका कागदावर लिहून घ्या. पूर्ण नाव, आणि त्याच्या शेजारी गाव ज्या नावानं हाक मारायचं ते नाव. आमच्याकडे हे दुसरं नाव जास्त महत्त्वाचं. तात्या, आप्पा, बापू, आबा या नावांनीच माणूस ओळखला जातो; कागदावरचं नाव वाचून शेजारच्या गल्लीतल्यालाही कोण गेलं ते कळत नाही. मग वय, गाव, व्यवसाय, जवळचे नातेवाईक, आणि पुढच्या विधीची वेळ व जागा.

विधीचं नाव नीट विचारून घ्या. वार्ताहराच्या हाताला 'रक्षाविसर्जन'ची इतकी सवय झालेली असते की दफन झालेल्या लिंगायत आजोबांच्या बातमीतही ते येऊन बसतं. मुस्लिम घरात जियारत कधी आहे ते सांगायचं असतं, मिरजेतल्या ख्रिस्ती कुटुंबात प्रार्थनासभा. हे पाहुण्यांसाठी गरजेचंच आहे, आणि चुकलं तर घरच्यांना फार लागतं.

बाईमाणसाच्या बातमीत एक पाप सर्रास होतं. 'सोसायटीचे माजी चेअरमन अमुक यांच्या मातोश्री' अशी सुरुवात होते आणि बाईचं स्वतःचं नाव तिसऱ्या ओळीत येतं. तिचं नाव पहिलं घ्या. कंसात माहेरचं नाव आणि गाव द्या, कारण तिच्या लहानपणच्या मैत्रिणी तिला त्याच नावानं ओळखतात आणि त्यातल्या एखाद-दोघी अजून असतात. 'गं. भा.' लिहायचं की नाही हा घरचा प्रश्न. मी लिहीत नाही, 'श्रीमती' पुरतं.

आता मुख्य गोष्ट. 'मनमिळाऊ', 'धार्मिक वृत्तीचे', 'परोपकारी' ही तिन्ही विशेषणं काढा आणि त्या जागी एक वाक्य असं घाला जे फक्त याच माणसाबद्दल खरं आहे. 'हरिपूरच्या पेवांमध्ये त्यांनी तीस वर्षे हळद भरण्याचे काम केले.' 'कोरेगाव स्टँडवर त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते.' एवढंच. जागा तितकीच लागते आणि वार्ताहरही नाही म्हणत नाही.

मोबाईलवर फिरवायच्या मजकुरात पूर्ण जन्मतारीख आणि घराचा पत्ता देऊ नका. सगळे घाटावर असताना घर रिकामं आहे हे ही गावभर जाहीर होत असतं, तेव्हा एखाद्या शेजाऱ्याला थांबवा.

माणसं बोलती असतात तेव्हाच ऐका

पहिल्या दहा-बारा दिवसांत घरात जी माणसं येऊन बसतात ती पुन्हा एकत्र येत नाहीत. दुखवट्याला आलेला जुना सालगडी, मुंबईहून आलेला खोलीतला सोबती, पस्तीस वर्षांपूर्वी भांडण झालेला चुलतभाऊ हे सगळे एका जाजमावर असतात. चहा होईपर्यंत गोष्टी निघतात. घरातल्या एका तरुण माणसाकडे हे काम सोपवा: ऐकायचं आणि रात्री वहीत उतरवायचं. मोबाईलवर रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून करा आणि फोन समोर ठेवा, खिशात नको.

'कसे होते हो आमचे आजोबा?' असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं आहे: 'लय चांगला माणूस.' त्याच्यापुढे गाडी जात नाही. म्हणून प्रश्न बारीक विचारा. सकाळी उठल्यावर पहिलं काय करायचे? पैसे कुठे ठेवायचे? कुणाशी बोलणं टाकलं होतं आणि का? ऊस तोडायला टोळी यायची तेव्हा ते कुठे असायचे? त्यांच्या हातचं काय चांगलं व्हायचं? राग आला की काय म्हणायचे, अगदी तेच शब्द? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक घरांत हसू फुटतं, आणि लेखाला लागणारा खरा ऐवज तिथून पुढे मिळतो.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कित्येकांचं अर्धं आयुष्य गावाबाहेर गेलेलं असतं. पाटण-जावळीचा माणूस मुंबईच्या गोदीत किंवा बाजारपेठेत माथाडी होता. विटा, खानापूर, आटपाडीकडचा गलाई व्यवसायात होता, म्हणजे सोनं-चांदी गाळण्यासाठी देशातल्या कुठल्यातरी शहराच्या सराफ कट्ट्याजवळ त्याचं दुकान होतं. पुष्कळजण फौजेत होते. घरच्यांना त्यांची फक्त सुट्टी माहीत असते. तेव्हा जुन्या वहीतला एखादा बाहेरगावचा नंबर शोधा आणि फोन करा. गावात एक शब्द न बोलणारा माणूस तिकडं भजनी मंडळ चालवत होता, असं कळू शकतं.

तारखा जुळवणं

ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण मृत्युलेखातल्या निम्म्या चुका इथेच होतात. जुन्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती आहे, पुढे आधार कार्डावरही तीच गेली. खरी तारीख वेगळी असेल तर लेखात फक्त साल द्या किंवा 'च्या सुमारास' म्हणा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करायची असतेच. पण त्या दाखल्यावरचं वय घाईत कुणीतरी अंदाजानं सांगितलेलं असू शकतं, त्यामुळे जन्मसालासाठी तो पुरावा मानू नका.

कागद कुठे शोधायचे? पत्र्याच्या ट्रंकेत. पेन्शन बुक, कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं पासबुक, लग्नपत्रिका, सात-बारा आणि त्याच्या मागचे फेरफार. फेरफारातून जमिनीची वाटणी कधी झाली, वारस म्हणून कुणाकुणाची नावं लागली आणि कुणाची कमी झाली हे कळतं. बहिणींचे हक्कसोड कधी झाले तेही. त्याहून जुन्या पिढीसाठी गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल बुकात असतात, आणि ते तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळू शकतं. नोंदी मोडीत असतील तर वाचणारा गाठावा लागेल. आणि सुगीनंतर तुमच्या गावात हेळवी येत असतील तर त्यांना चहा पाजून बसवाच. वंशावळ सांगणं हेच त्यांचं पिढीजात काम; पणजोबांचं मूळ गाव आणि भावकीची शाखा त्यांच्या वहीत सापडते, आपल्या घरात नाही.

ज्यांचं कागदावर काहीच नाही, विशेषतः म्हाताऱ्या बायका, त्यांच्यासाठी घटनांचा आधार घ्या. 'लग्न कुठल्या साली झालं?' याला उत्तर येत नाही. 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला किती होता?' याला येतं, आणि ती तारीख पक्की आहे: ११ डिसेंबर १९६७ची पहाट. असेच खुंटे आणखी आहेत: पत्री सरकारचे दिवस (१९४३ ते १९४६), गांधीहत्येनंतरची १९४८ची जाळपोळ, १९७२चा दुष्काळ, मुंबईत असणाऱ्यांसाठी १९८२चा गिरणी संप, आणि कृष्णाकाठी २००५, २०१९, २०२१चे महापूर. घरातल्या दोन माणसांना दोन वेगवेगळे खुंटे विचारा. उत्तरं जुळली तर साल लिहा.

एक खबरदारी: १९४९पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. तेव्हा तो 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि सांगली हे नाव जिल्ह्याला १९६०मध्ये मिळालं. उरलेल्या काही गावांवर पटवर्धनांसारख्या संस्थानिकांचं राज्य होतं. त्यामुळे वाळव्याच्या आजोबांच्या दाखल्यावर 'जि. सातारा' दिसलं म्हणून ते साताऱ्याहून आले असं समजू नका. पत्री सरकारात काम केल्याचा उल्लेख करायचा असेल तर स्वातंत्र्यसैनिक पेन्शनचे कागद किंवा ताम्रपट पाहा. नसेल तर 'भूमिगतांना भाकरी पोचवत असत, असं ते सांगायचे' एवढं लिहा. ते खरं आहे आणि कमीही नाही.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरुवात करू नका. 'यांचा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला' हे वाक्य या दोन जिल्ह्यांतल्या नव्वद टक्के लोकांना लागू पडतं. माणूस त्याच्या कामात असताना पकडा, मग मागे जा. शेवटी परिवार आणि विधी. मधल्या भागात सगळं आलंच पाहिजे असं नाही. एक काम, एक खोड, एक प्रसंग आणि एक नातं नीट आलं तर पाचशे शब्दांचा लेख भरतो.

समजा तासगाव तालुक्यातल्या एका आजींवर लिहायचं आहे. नावाच्या जागा मोकळ्या ठेवून लहानसा नमुना देतो:

'… (माहेरच्या …, रा. …) यांचे मंगळवारी वयाच्या ७९व्या वर्षी निधन झाले. बेदाण्याच्या शेडवर त्या पंचवीस हंगाम निवडणीला होत्या. शाळा दुसरीपर्यंतच झाली होती, पण शेडवरच्या सगळ्या बायका आठवड्याच्या मजुरीचा हिशेब त्यांच्याकडूनच तपासून घ्यायच्या, आणि मालकही त्यांच्या आकड्यापुढे बोलत नसे. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी पदरी तान्ही मुलगी असताना रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तिथे मिळणारी सुकडी पुढे आयुष्यभर त्यांना नकोशी होती. नातवंडांनी आणली तरी त्या उठून जात. बोलणं तोडून टाकणारं होतं. धाकट्या जावेशी त्यांचं बारा वर्षं पटलं नाही, आणि जाऊ आजारी पडल्यावर दवाखान्यात मुक्कामाला त्याच राहिल्या. त्यांच्या पश्चात…'

यात 'कष्टाळू' नाही, 'मायाळू' नाही. जावेशी भांडण ठेवलं, कारण त्याशिवाय दवाखान्यातल्या मुक्कामाला अर्थ उरत नाही. 'बारा वर्षं' हे घरच्यांना पटतं का ते विचारूनच छापायचं.

वाक्यं छोटी ठेवा. 'अनंतात विलीन', 'काळाने घाला घातला', 'न भरून निघणारी पोकळी' हे शब्द फ्लेक्सवाल्याकडे तयार असतात, ते तिथेच राहू द्या.

मरणाबद्दल किती लिहायचं? बहुतेक वेळा एक वाक्य. मरणच माणसाबद्दल काही सांगत असेल तर मात्र थांबा. मिरजेत ज्यांची कबर आहे ते गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली दक्षिणेत प्रवास करताना आडबाजूच्या एका स्टेशनवर उतरले, फलाटावर बिछाना टाकायला लावला, नमाज पढले आणि गात असतानाच गेले, अशी आठवण सांगितली जाते. हे गाळून त्यांच्यावर कुणी लिहू शकणार नाही. पण आपल्या काकांच्या आयसीयूतल्या अठरा दिवसांचा तपशील लेखात कशाला? आजाराचं नाव सांगायचं का, हे जोडीदारानं ठरवावं.

मोठ्या माणसावर लिहिताना

इथे अडचण उलटी असते. माहिती भरमसाट आणि सगळी पदांची. चेअरमन, सभापती, संचालक, विश्वस्त, पुन्हा चेअरमन. ही यादी शेवटी एका परिच्छेदात टाका आणि वर त्यांचा एखादाच निर्णय मांडा: कुठल्या वर्षी त्यांनी काय केलं ज्यामुळे कुणाचं तरी आयुष्य बदललं, आणि कुणाचं नुकसान झालं.

संस्था उभी करणाऱ्यावर लिहायचं असेल तर स्वयंपाकघर कुणी सांभाळलं ते विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं. वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, आणि संस्थेचा पसारा वाढण्याआधीच १९३०मध्ये त्या गेल्या, हे त्याच गोष्टीतलं आहे. तुमच्या तालुक्यातल्या पतसंस्थेच्या, तालमीच्या, वाचनालयाच्या संस्थापकाच्या मागेही असं कुणीतरी असतं.

पुरस्कारांवरून माणसाचं माप काढू नका. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारतातलं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. १९८४मध्ये अपघातात ते गेले, आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणानंतर. त्या साली फक्त सन्मानांची यादी पाहून कुणी मृत्युलेख लिहिला असता तर ती अगदीच तोकडी निघाली असती.

आणि विरोधकावर लिहायची वेळ आली तर? कराडजवळच्याच टेंभूचं नाव आज उपसा सिंचन योजनेमुळे सगळ्यांना माहीत आहे. तिथे १८५६ साली जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यात विरोधकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. टिळकांशी मतभेद होऊन ते 'केसरी'तून बाहेर पडले, १८८८मध्ये 'सुधारक' काढलं, आणि दोघांमध्ये वर्षानुवर्षं छापील भांडण चाललं. १७ जून १८९५ला आगरकर गेले तेव्हा 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच. गावच्या राजकारणात दोन गट असतात तिथे माझा सल्ला हाच: विरोधी गटातल्या एखाद्या जुन्या माणसाला दोन परिच्छेद लिहायला सांगा. तो वैर विसरून लिहील असं नाही, पण जे लिहील ते स्तुतिपाठकाला सुचणार नाही. आगरकरांचीच आणखी एक आठवण सांगतात: आपल्या अंत्यविधीच्या खर्चाचे पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते. 'साधी राहणी' असं लिहिण्याऐवजी अशी पुडी शोधायची असते.

अवघड जागा

आत्महत्या असेल तर कशी केली ते लिहू नका आणि एकाच कारणावर बोट ठेवू नका; कर्ज होतं एवढ्यावरून सगळा माणूस सांगता येत नाही. दारू होती आणि सगळ्या गावाला माहीत होती, तर ती पूर्ण लपवल्यावर लेखावर कुणाचा विश्वास बसत नाही. 'मधली काही वर्षं त्यांची आणि घराचीही कठीण गेली' इतकं वाक्य जाणत्याला पुरतं. दुसरं लग्न असेल तर दोन्हीकडची मुलं परिवारात आली पाहिजेत, यावर अडून बसा. जमिनीचा वाद कोर्टात चालू असेल तर त्याचा शब्दही काढू नका. लेखाची कात्रणं वकिलाच्या फाईलमध्ये जातात.

छापण्याआधी मजकूर घरातल्या दोघांना वाचून दाखवा. कागद देऊ नका, मोठ्यानं वाचा. ज्या ओळीवर कुणीतरी 'हे नको' म्हणेल तिथं का ते विचारा. कधी ओळ काढावी लागते, कधी त्या ओळीखालचं खरं त्यांच्या तोंडून बाहेर येतं.

फोटो आणि जतन

फ्लेक्सवर लावायला म्हणून कुणीतरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा कापून काढतो आणि मूळ फोटो फोटोग्राफरच्या दुकानात राहतो. मूळ परत आणा. फोटोच्या मागं शिसपेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा: कोण, कुठे, अंदाजे कधी. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. सगळे फोटो स्कॅन करून निदान दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं एक ठिकाण कृष्णा-वारणेच्या पूररेषेबाहेरचं हवं. सांगलीत कितीतरी घरांतले आजोबा-पणजोबांचे एकमेव फोटो महापुराच्या गाळात गेले.

लेख मोबाईलवर फिरतो आणि आठवड्यात वर सरकून जातो. त्याची छापील प्रत काढा. खाली लिहिणाऱ्याचं नाव, तारीख आणि कुणाकुणाशी बोललात ते लिहा. एक प्रत घरात, एक माहेरच्या किंवा आजोळच्या घरात, एक गावच्या वाचनालयात आणि माणूस शिक्षक असेल तर त्याच्या शाळेत. वर्षश्राद्धाला स्मरणिका काढणार असाल तर चकचकीत कागदापेक्षा साधा जाड कागद घ्या आणि समासाला भरपूर जागा सोडा. पाहुण्यांमधले दोघं-तिघं तरी 'हे असं नव्हतं, मी तिथं होतो' म्हणत पेन मागतील. त्या दुरुस्त्या लिहिलेली प्रत मूळ प्रतीसोबत त्याच फाईलमध्ये लावा, आणि प्रत्येक दुरुस्तीखाली ती कुणी सांगितली त्याचं नाव घाला.